‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी स्कॅनरने मॉड्यूल कसे तपासावे?

वायरिंगवाला_लातूर यांनी धागा सुरू केला:

सर्वांना नमस्कार. लातूर, उदगीर, अंबाजोगाई या आपल्या भागातल्या लहान गॅरेजांतही आता स्कॅनर आला आहे, आणि तो यायलाच हवा होता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे धुराचे नियम लागू झाले, १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा आला, आणि धुराशी संबंध असलेल्या प्रत्येक भागावर गाडीनेच नजर ठेवावी अशी व्यवस्था झाली. नुसत्या टेस्ट लॅम्पवर आणि कानावर भागवण्याचे दिवस त्याबरोबर संपले. मात्र स्कॅनर आल्यापासून ‘ईसीएम (इंजिनाचा संगणक) गेला’ हे निदान फारच स्वस्त झाले आहे. स्कॅनर जोडला, तो लिंक झाला नाही किंवा लाल अक्षरांत पाच-सहा कोड (बिघाडाचे क्रमांक) आले, की गाडीमालकाच्या हातात पाच आकडी खर्चाचा कागद पडतो. असा कागद घेऊन जी वाहने माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक; ईसीएम त्यांतलाच एक) शाबूत असते आणि बिघाड फ्यूज, अर्थ (बॅटरीच्या ऋण बाजूची जोडणी), कपलर (वायरींचा जोड) किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीत निघतो.

स्कॅनर मॉड्यूल तपासतो असे आपण बोलतो खरे, पण तो मॉड्यूलला प्रश्न विचारतो आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवतो, एवढेच त्याचे काम. उत्तर आले नाही, तर प्रश्न मॉड्यूलपर्यंत पोचला का, मॉड्यूलला वीज मिळत होती का आणि उत्तराची वाट मोकळी होती का, हे आपल्यालाच पाहावे लागते. या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरल्याखेरीज मॉड्यूलला दोषी धरू नये, हे माझे ठाम मत आहे. पुढे लिहिलेली पद्धत त्याच मताला धरून आहे.

सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा दुसरा आकडा खाली-वर होतो, त्याने घाबरून जाऊ नये. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली घसरत असेल, तर पुढची तपासणी तिथेच थांबवून आधी बॅटरी बघावी. व्होल्टेज घसरले की काही मॉड्यूल क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि बाकीची मॉड्यूल त्यांच्याशी संपर्क तुटल्याची नोंद करून बसतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, बॅटरीतले पाणी आटते, आणि मग ‘सगळे सेन्सर एकदम गेले’ अशा तक्रारी सुरू होतात. अशा गाडीत पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा कोड सापडला, तर बाकीच्या कोडांवर लगेच विश्वास ठेवू नये.

त्यानंतर केवळ इंजिन न वाचता संपूर्ण गाडीचे स्कॅन करावे आणि कोणते मॉड्यूल उत्तर देते, कोणते देत नाही, हे कागदावर उतरवून घ्यावे. कोड पुसण्याआधी पडद्याचे फोटो काढावेत, फ्रीझ फ्रेमचे तर नक्कीच. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, गाडीचा वेग किती होता, इंजिन गरम होते की थंड, हे फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेले असते आणि कोडबरोबर तेही पुसले जाते. ‘आधी पुसून बघू, परत येतो का’ ही सवय म्हणूनच वाईट.

कोडचे पहिले अक्षर बरेच काही सांगते. पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे चेसिस, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूलांचे आपसातले संभाषण. सर्वांत जास्त गोंधळ यू कोडांवरून होतो. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये यू०१२१ पडला, याचा अर्थ इंजिनाला एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) आवाज ऐकू आला नाही. एबीएसचा फ्यूज उडाला असेल, अर्थ सुटला असेल, मधली वायर तुटली असेल किंवा खरोखरच एबीएसचे मॉड्यूल मेले असेल. कोडवरून एवढेच कळते. मात्र हीच तक्रार किती मॉड्यूल करत आहेत, हे पाहिले की शोध झपाट्याने अरुंद होतो. सगळ्यांची तक्रार एकाच मॉड्यूलबद्दल असेल, तर त्या मॉड्यूलच्या कपलरकडे जावे. दोन-तीन मॉड्यूल एकदम गप्प असतील, तर त्यांचा सामाईक फ्यूज, सामाईक अर्थ किंवा सामाईक जोड शोधावा. कोणीच उत्तर देत नसेल, तर स्कॅनरच्या सॉकेटपासून सुरुवात करावी. एक गोष्ट नवीन मुलांना सांगावी लागते: स्कॅनर त्या मॉडेलच्या सर्व प्रकारांची यादी दाखवतो, त्यामुळे बेसिक गाडीत जे मॉड्यूल मुळातच बसवलेले नाही तेही ‘उत्तर नाही’ म्हणून दिसते.

गप्प मॉड्यूलच्या कपलरवर वीज तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये. वायरीतली एकच तार शिल्लक राहिली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पुरवठा आणि अर्थ यांच्यामध्ये लावावा. तो लख्ख पेटला पाहिजे, आणि तो पेटलेला असताना कपलरची अर्थ पिन व बॅटरीची ऋण बाजू यांच्यातला फरक ०.१ व्होल्टच्या आत असावा. हा फरक अर्धा-एक व्होल्ट निघाला, तर मॉड्यूल बदलून काहीही साधणार नाही. बल्ब फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवर लावायचा असतो. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीवर लावला तर असलेले मॉड्यूलही जाईल.

मॉड्यूल उत्तर देत असेल, पण आकडे विचित्र असतील, तर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे, कामाला येतो. कूलंटचे तापमान उणे ४० दिसले, तर सर्किट उघडे आहे असे समजावे; परभणीत काय, काश्मीरमध्येही इंजिनाला एवढी थंडी वाजणार नाही. सेन्सरचा कपलर काढावा आणि कपलरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडाव्यात. पडद्यावरचा आकडा उणे ४० वरून उडी मारून सव्वाशे-दीडशेच्या पुढे गेला, तर मॉड्यूल, दोन्ही वायरी आणि अर्थ ठीक आहेत आणि दोष सेन्सरचा आहे. आकडा हललाच नाही, तर हीच जोडणी मॉड्यूलच्या कपलरजवळ करून पाहावी. तिथे आकडा हलला तर वायर तुटलेली आहे. तिथेही हलला नाही, तरच मॉड्यूलकडे बोट दाखवायला आधार मिळतो. मात्र ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच वापरावी. तीन वायरींच्या सेन्सरवर पिना अशा जोडू नयेत.

तीन वायरींच्या सेन्सरांचा मामला वेगळा असतो. त्यांना मॉड्यूल ५ व्होल्टचा संदर्भ पुरवठा देते आणि एका पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात. त्यांतला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर सायलेन्सरला लागून वितळली, की पुरवठा बसतो आणि त्यावरचे सगळे सेन्सर एकदम खोटे आकडे दाखवू लागतात. कोड पी०६४२ किंवा पी०६५२ येतो, कोडांच्या रांगेत थ्रॉटल, बूस्ट, रेल प्रेशर सगळेच असतात, आणि मिस्त्रीला वाटते की एवढे सेन्सर एकदम कसे जातील, म्हणजे ईसीएमच गेला असणार. अशा वेळी पुरवठ्याच्या वायरीवर मीटर लावून ठेवावा आणि त्या पुरवठ्यावरचे कपलर एकेक करून काढत जावे. ज्या कपलरला हात लावताच ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. सगळे काढूनही व्होल्टेज परत आले नाही, तर ती वायर मॉड्यूलजवळ सोडवून पुन्हा मोजावे.

शेवटचा टप्पा ॲक्टिव्ह टेस्टचा. स्कॅनरवरून रेडिएटरचा पंखा, ईजीआरची (थोडा धूर इंजिनात परत सोडणारी) झडप किंवा एखादा रिले चालवून पाहता येतो. स्कॅनरने हुकूम दिला, मॉड्यूलने तो स्वीकारल्याचे दाखवले, पुरवठा आणि अर्थ बल्बने तपासून झाले, वायर मोकळी आहे, रिले दुसरीकडे लावल्यावर चालतो, आणि तरीही मॉड्यूलच्या त्या पिनेवर काहीच बदल होत नाही, तर मॉड्यूलचा आतला ड्रायव्हर (त्या पिनेला चालवणारा भाग) जळला आहे असे लेखी द्यायला हरकत नाही. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे मॉड्यूलने स्वतःच्या मेमरीबद्दल किंवा प्रोसेसरबद्दल दिलेले कोड आहेत आणि ते गंभीर असतात. तरीसुद्धा पुरवठा तपासून, कोड पुसून, ते पुन्हा येतात का हे पाहिल्याशिवाय नवीन मॉड्यूल मागवू नये.

जालना_डिझेल यांचा प्रतिसाद:

दादा, फार वेळेवर लिहिलेत. माझ्याकडे २०१७ ची डिझेल कार आहे. गाडी व्यवस्थित सुरू होते आणि ओढतेही, पण चालता चालता मीटरचे दोन्ही काटे शून्यावर पडतात, एबीएसचा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होते. कधी दहा मिनिटांत सगळे आपोआप ठीक होते, तर कधी दिवसभर तसेच राहते. एका गॅरेजने स्कॅन करून एबीएसचे मॉड्यूल बदलावे लागेल असे सांगितले आहे. स्कॅनच्या फोटोत इंजिनामध्ये यू०१२१, यू०१३१ आणि यू०१५५ असे तीन कोड दिसतात. मॉड्यूल मागवू की थांबू?

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

थांबावे. यू०१२१ एबीएसचा, यू०१३१ पॉवर स्टिअरिंगचा आणि यू०१५५ मीटरचा संपर्क तुटल्याचा कोड आहे. तीन वेगवेगळी मॉड्यूल एकाच क्षणी मरून एकाच क्षणी जिवंत होत नाहीत. त्या तिघांना जोडणारी वाट तुटते आणि जुळते आहे, असा माझा अंदाज आहे. एबीएसचे नाव पुढे आले, कारण दिवा त्याचा लागतो.

चावी काढून, दारे बंद करून, गाडी शांत होऊ द्यावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजावा. त्या कॅन वाहिनीच्या, म्हणजे मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्या, पिना आहेत. वाहिनीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो आणि ते दोन्ही समांतर असल्याने मीटरवर ६० ओहम यायला हवेत. जो आकडा येईल तो इथे लिहावा. पिनांमध्ये जाड प्रोब खुपसू नये. पिन एकदा रुंदावली की पुढे कोणताही स्कॅनर नीट जोडला जात नाही, आणि तो नवा आजार आपणच लावून घेतलेला असतो.

कार्यशाळा_नांदेड यांचा प्रतिसाद:

मी विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवते, म्हणून थोडी भर घालते. कॅन ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली आणि १९९३ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. तिच्यात दोन वायरी एकमेकींच्या उलट दिशेने हलतात. शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एक ३.५ पर्यंत चढते आणि दुसरी १.५ पर्यंत उतरते. साध्या मल्टिमीटरला हा वेग पकडता येत नाही, तो सरासरी दाखवतो. त्यामुळे चावी ऑन असताना ६ नंबरच्या पिनेवर अडीचपेक्षा किंचित जास्त आणि १४ वर किंचित कमी आकडा दिसला, तर वाहिनीवर संभाषण चालू आहे असे मानता येते. एखादी वायर शून्याजवळ चिकटली असेल तर ती अर्थला लागली आहे, आणि १२ च्या जवळ असेल तर पुरवठ्याला.

वायरिंगवाला दादांच्या एका मुद्द्याला मात्र मी मर्यादा घालू इच्छिते. ६० ओहम आले म्हणजे सगळी गाडी ठीक, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात आणि तो अनेक नव्या गाड्यांना लागू पडत नाही. ज्या गाडीत गेटवे मॉड्यूल (वेगवेगळ्या वाहिन्यांना जोडणारे) आहे, तिथे सॉकेटच्या पिना फक्त गेटवेपर्यंत जातात आणि इंजिनाची, बॉडीची, एबीएसची वाहिनी गेटवेच्या पलीकडे स्वतंत्र असते. सॉकेटवर मिळालेला आकडा त्या पहिल्या तुकड्यापुरताच खरा असतो. म्हणून त्या गाडीचा वायरिंग नकाशा हाती घेतल्याशिवाय रोधाच्या आकड्याचा अर्थ लावू नये, असे माझे मत आहे.

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

मॅडम, तुमचा मुद्दा रास्त आहे. गेटवेच्या गाडीत सॉकेटवरचे माप पुरेसे नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते असे कोणी म्हटले तर चालेल. मात्र नकाशा हाती येईपर्यंत मोजूच नये, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या गॅरेजला प्रत्येक मॉडेलचा नकाशा मिळत नाही. गेटवे नसलेल्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत आणि पाच मिनिटांच्या मापाने त्यांतला निम्मा प्रश्न सुटतो. जालन्याच्या भाऊंनी मोजून घ्यावे.

जालना_डिझेल यांचा प्रतिसाद:

ओळखीच्या वायरमनला घेऊन मोजले. दोष नसताना ६० च्या जवळ आकडा येत होता. डाव्या बाजूचे पायदान हाताने दाबून हलवले की तो थेट १२० वर जातो. पायदानाखालचा गालिचा ओला आहे आणि त्याला कुबट वास येतो, हेही तेव्हाच लक्षात आले.

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

उत्तर तुमच्या हाताखालीच आले आहे. १२० म्हणजे दोनपैकी एकच टोक जोडलेले राहते. इंजिन बोलते आहे, म्हणजे त्याच्या बाजूचे टोक शाबूत आहे आणि मीटरच्या बाजूची वाट तुटते. डाव्या बाजूला, दरवाजाजवळच्या प्लास्टिकच्या पॅनेलमागे, अनेक वायरींना एकत्र जोडणारा कपलर असतो. तो उघडून पाहावा. पाणी बहुधा एसीचे असेल. आपल्या भागातली बारीक धूळ एसीच्या निचऱ्याच्या नळीत जाऊन बसते, नळी तुंबते आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी डाव्या पायदानाखाली उतरते. कपलरमध्ये हिरवा गंज दिसला तर नुसते फवाऱ्याने धुऊन बंद करू नये. खराब पिन काढून नवीन बसवावी, नळी मोकळी करावी आणि गालिचा पूर्ण वाळेपर्यंत पॅनेल उघडेच ठेवावे.

जालना_डिझेल यांचा प्रतिसाद:

कपलरमध्ये हिरवा गंज होता आणि कॅनच्या एका वायरीची पिन बोट लावताच तुटून हातात आली. पिन नवीन टाकली, नळीतून चिखलासारखा गाळ निघाला. आता पायदान कितीही हलवले तरी आकडा ६० वरून ढळत नाही, आणि कोड पुसल्यावर समृद्धी महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन आलो तरी एकही कोड परत आला नाही. मॉड्यूलची मागणी रद्द केली आहे. मनापासून आभार.

हार्वेस्टर_परभणी यांचा प्रतिसाद:

माझा प्रश्न कारचा नाही, ट्रॅक्टरचा आणि ऊसतोडणीच्या यंत्राचा आहे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना नवे उत्सर्जन नियम लागू झाले आणि त्यांतही आता सेन्सर व मॉड्यूल आले. यंत्र बंद पडले की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत ऊस शेतात वाळतो. कारचा स्कॅनर त्याला लावता येईल का?

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

सहसा नाही. अवजड यंत्रांत जे-१९३९ नावाची पद्धत चालते आणि सॉकेट बहुधा गोल, ९ पिनांचे असते. त्यात ए पिन अर्थची, बी पुरवठ्याची, सी आणि डी कॅनच्या. वायरींचे तत्त्व तेच आहे, म्हणजे सी आणि डी यांच्यामध्ये ६० ओहम. मात्र जोडण्याआधी बी पिनेवर १२ व्होल्ट आहेत की २४, हे मोजावे. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला स्कॅनर २४ वर लावला तर तोच जळतो.

कोडची भाषाही वेगळी असते. तिथे पी आणि यू नसतात, दोन आकडे असतात: एसपीएन सांगतो कोणता भाग, आणि एफएमआय सांगतो त्याला काय झाले. उदाहरणार्थ, एसपीएन ११० म्हणजे कूलंटचे तापमान आणि एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज नको तेवढे वर, ४ म्हणजे नको तेवढे खाली, ५ म्हणजे सर्किट उघडे. ९ म्हणजे संदेश वेळेवर येत नाहीत आणि १२ म्हणजे तो भागच सदोष आहे असे मॉड्यूलला वाटते. अनेक यंत्रांच्या डॅशबोर्डवर हे दोन आकडे थेट दिसतात. ते लिहून घेतले तर कंपनीच्या माणसाला फोनवरच बरोबर सामान घेऊन बोलावता येते, आणि एफएमआय ३, ४, ५ असेल तर आधी त्या सेन्सरची वायर व कपलर आपल्यालाही पाहता येतात.

याला जोडून एक विनंती. गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीच्या, ट्रकच्या आणि यंत्रांच्या वेल्डिंगची कामे जोरात असतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, जवळच्या मॉड्यूलचे कपलर काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी शेजारी लावावा. तो अर्थ दूर चाकाजवळ लावला, तर करंट वाट शोधत मॉड्यूलच्या अर्थमधून जातो. खरोखर जळालेली जी थोडी मॉड्यूल मी पाहिली, त्यांत वेल्डिंग आणि २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या गाडीला दिलेला जंप स्टार्ट ही दोन कारणे वरच्या क्रमांकावर आहेत.

शेंद्रा_एमआयडीसी यांचा प्रतिसाद:

समजा सर्व तपासण्या करून मॉड्यूल खरेच सदोष निघाले, तर भंगारातल्या तशाच गाडीचे काढून लावता येईल का? नव्याच्या मानाने ते फार स्वस्त मिळते.

कार्यशाळा_नांदेड यांचा प्रतिसाद:

लेबलवरचा भाग क्रमांक तंतोतंत जुळला तरी ते मॉड्यूल नुसते लावून चालेल याची खात्री नसते. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये इमोबिलायझरची जुळणी असते, म्हणून दुसऱ्या गाडीचे मॉड्यूल तुमची चावी ओळखत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरचा दुरुस्ती कोड मॉड्यूलमध्ये लिहिलेला असतो. तो इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला असतो आणि मॉड्यूल बदलल्यावर पुन्हा भरावा लागतो. एअरबॅगचे मॉड्यूल तर भंगारातले घेऊच नये, कारण अपघात झालेल्या गाडीतल्या मॉड्यूलमध्ये त्या धडकेची नोंद कायमची बसलेली असू शकते. एअरबॅगच्या वायरींवर मल्टिमीटर किंवा बल्ब लावण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. त्या सर्किटची तपासणी फक्त स्कॅनरने आणि कंपनीच्या पद्धतीनेच करावी.

मॉड्यूलमध्ये नवीन सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारे यंत्र जोडलेले असावे. साधा चार्जर चालत नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. भरणा अर्धवट राहिला, तर चांगले मॉड्यूलही निकामी होण्याची शक्यता असते.

बीड_टॅक्सी यांचा प्रतिसाद:

माझ्याकडे मोबाईलला जोडायचे ईएलएम-३२७ नावाचे ब्लूटूथ उपकरण आहे. त्यात इंजिनाचे कोड दिसतात, पण एबीएस आणि एअरबॅगचे दिसत नाहीत. उपकरण खराब आहे का? दुसरे असे की, स्कॅन करायलाच गॅरेजवाले पाचशे-सातशे रुपये मागतात आणि दुरुस्तीचे वेगळे. हे योग्य आहे का?

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

उपकरण बहुधा खराब नाही. त्याचा जन्मच ओबीडीच्या (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखण्याच्या व्यवस्थेच्या) कायदेशीर भागासाठी, म्हणजे धुराशी संबंधित कोड आणि आकडे वाचण्यासाठी झाला आहे. इंजिनाचे कोड, फ्रीझ फ्रेम, कूलंटचे तापमान, आरपीएम एवढे त्यात बरे दिसते आणि टॅक्सीवाल्याला तेवढे पुष्कळ आहे. एबीएस, एअरबॅग, ॲक्टिव्ह टेस्ट, कोडिंग यांसाठी त्या कंपनीची भाषा जाणणारा स्कॅनर लागतो. बाजारातली स्वस्त उपकरणे मूळ चिपच्या नकला असतात आणि काही आज्ञा त्यांना समजतच नाहीत, म्हणून ‘लिंक नाही’ असे उत्तर त्यांच्याकडून आले तर ते गाडीविरुद्धचा पुरावा मानू नये. आणखी एक उपयोग सांगतो. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, अशी तक्रार उन्हाळ्यात बरीच येते. गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारत मोबाईलवर आरपीएम पाहावा. इंजिन फिरते आहे आणि आकडा शून्यच राहतो, तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे मॉड्यूलला कळवणारा) आणि त्याची वायर तपासावी. काम झाल्यावर उपकरण काढून ठेवावे, कारण सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

मजुरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फक्त कोड वाचून कागद देण्याचे पैसे मोठे नसावेत. मात्र वर लिहिल्याप्रमाणे पुरवठा, अर्थ, वाहिनी, लाइव्ह डेटा तपासून ‘दोष इथे आहे’ असे सांगण्याला अर्धा दिवसही लागू शकतो, आणि त्या वेळेची वेगळी मजुरी घेणे योग्यच आहे. गाडीमालकाने त्या बदल्यात हक्काने मागाव्यात अशा गोष्टी म्हणजे कामाआधीच्या आणि कामानंतरच्या कोडांचे फोटो, आणि मॉड्यूल बदलायला सांगितले असेल तर त्याच्या कपलरवर काय मोजले, हे लेखी.

बीड_टॅक्सी यांचा प्रतिसाद:

समजले. शेवटचा प्रश्न. जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील, तर माझ्या या उपकरणावर ते ओळखता येईल का?

वायरिंगवाला_लातूर यांचा प्रतिसाद:

बऱ्याच अंशी येईल. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ नावाचे पान असते. गाडी स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेच्या ज्या चाचण्या घेते, त्या पूर्ण झाल्या की अपूर्ण, हे तिथे दिसते. कोड पुसले किंवा जुन्या गाडीची बॅटरी सोडवली की यांतल्या बऱ्याच चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ होतात आणि वेगवेगळ्या वेगांत, थंड-गरम अशा स्थितींत गाडी चालल्यावरच पूर्ण होतात. रोज वापरात आहे असे सांगितलेल्या गाडीत जवळजवळ सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता दाट आहे. बऱ्याच गाड्या ‘कोड पुसल्यापासून चाललेले अंतर’ हाही आकडा देतात. तो मीटरवरच्या किलोमीटरशी ताडून पाहावा. आकडा अगदीच लहान असेल, तर व्यवहार न मोडता गाडी दोन-तीन दिवस चालवायला मागावी, आणि टोकन देण्याआधी पुन्हा स्कॅन करावे.